धुरात गेलेल्या आयुष्यांचा हिशेब कोणी मांडावयाचा?

दिवाळीच्या पाडव्यास वहीपूजन झाल्यावर एखादा व्यापारी जमेची बाजू तेवढी लिहून नावेची बाजू कोरी ठेवू लागला, तर त्याच्या पेढीवर कोणी दमडीचाही विश्वास ठेवणार नाही. खाजगी व्यवहारात ज्या गोष्टीस आपण दिवाळखोरीची पूर्वतयारी म्हणू, तीच गोष्ट एखादे शहर किंवा एखादे राष्ट्र राजरोसपणे करू लागले म्हणजे मात्र तिला अर्थकारण म्हणण्याचा प्रघात पडलेला दिसतो. सोलापूरच्या बिडीच्या धंद्याची गोष्ट अशीच आहे. टेंभुर्णीच्या पानांची किती पोती आली, तंबाखू कोणत्या भावाने पडली, हजारामागे मजुरी काय दिली, छाट किती निघाली, कर किती भरला, या सर्वांची नोंद पैपैपर्यंत सापडेल. परंतु ती बिडी ज्याने ओढली त्याच्या आयुष्यातून किती वर्षे वजा झाली, त्याच्या मागे किती पोरे उघडी पडली, औषधपाण्यापायी कोणाचे शेत गहाण पडले, हे पान त्या वहीत नाही. हे पान लिहिले गेले पाहिजे, ते कायद्याने लिहिता येते, आणि ते लिहिण्याचा आरंभ सोलापुराने करावा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

या व्यसनाचा आपल्या मुलुखाशी असलेला संबंध आजचा नव्हे. फिरंग्यांनी पश्चिम किनाऱ्यावर आणलेली तंबाखू दक्षिणेत चांगली रुळल्यावर मग उत्तरेकडे गेली. अकबराचा वकील असद बेग हा १६०४ च्या सुमारास आपल्या शेजारच्या विजापूरच्या दरबाराहून परत गेला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू व नक्षीदार चिलीम नजर केली, अशी हकीकत त्यानेच लिहून ठेविली आहे. बादशहाने दोन झुरके घेतले. पण दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, की आपल्या जाणत्या लोकांनी पारख केल्यावाचून फिरंग्यांच्या मागे जाणे योग्य नव्हे. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. त्या मनाईचा उपयोग काय झाला हे आजच्या कोणत्याही नाक्यावर उभे राहिल्यास कळेल! पण आम्हांस महत्त्व वाटते ते हकिमाच्या शब्दाचे. त्याने पारख करा असे म्हटले होते. ती पारख होण्यास त्यानंतर साडेतीनशे वर्षे लागली.

इतका काळ लागण्याचे कारण उघड आहे. मेलेल्या माणसाच्या कागदावर ‘बिडीने मेला’ असे कोणी लिहीत नाही. लिहितात ते क्षय, दमा, हृदयविकार, घशाचा कर्करोग. खरा आरोपी पडद्याआड राहतो आणि त्याच्या हस्तकांची नावे तेवढी दप्तरी दाखल होतात. शिवाय हे रोग बिडी न ओढणाऱ्यांसही होतात, आणि बिडी ओढणारा एखादा नव्वदीपर्यंत जगतोही. तेव्हा एका माणसाच्या मरणावरून काहीच सिद्ध होत नाही. न्यायालयात ज्यास आम्ही परिस्थितिजन्य पुरावा म्हणतो, तशाच प्रकारचा हा पुरावा आहे. साखळीतील एकेक कडी जुळवून तो उभा करावा लागतो. हजारो मेलेल्यांची व हजारो जिवंतांची तुलना करावयाची. वय, शिक्षण, मद्यपान इत्यादी गोष्टी सारख्या धरावयाच्या. आणि मग ओढणारे व न ओढणारे यांच्या मरणाच्या प्रमाणात जो फरक उरेल तो धुराच्या नावे मांडावयाचा. यात कल्पनेस जागा नाही. हा निव्वळ वजाबाकीचा मामला आहे.

ही वजाबाकी इंग्लंडात रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी केली. १९५० मध्ये त्यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी संबंध दाखविला आणि १९५१ पासून ३४,४३९ पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, जो निकाल बाहेर पडला तो असा, की जन्मभर सिगारेट ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्याहून सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरतो. पण तिशीत सोडणाऱ्यास ती दहाही वर्षे बहुतेक परत मिळतात, चाळिशीत सोडणाऱ्यास नऊ, आणि साठीत सोडणाऱ्यासही तीन. ‘आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्या आमच्या प्रौढ वाचकांनी हे शेवटचे आकडे अवश्य ध्यानात ठेवावेत.

परंतु इंग्लंडचा हिशेब आपणांस का लागू करता, असे विचारणारे देशाभिमानी गृहस्थ आमच्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हे. त्यांस आमचे उत्तर असे, की आपल्या लोकांनी आपला हिशेब स्वतंत्रपणे केलेला आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांचे सहकारी यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ सालीच प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये मुंबईस कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. अशी नोंद ठेवणारे ते देशातील पहिले शहर. पुढे मुंबईतच सुमारे दीड लक्ष स्त्रीपुरुषांची नावे १९९१ ते १९९७ या काळात टिपून घेऊन काही वर्षांनी त्यांच्या घरी पुन्हा चौकशी करण्यात आली. तेव्हा असे दिसून आले, की तंबाखू न सेवणाऱ्या पुरुषांच्या मानाने सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांनी अधिक होते, आणि बिडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी. बिडी ही झाडाच्या पानाची, देशी, म्हणून सौम्य, हा जो समज आपल्याकडे बोकाळला आहे, त्याचे मूळच या आकड्यांनी उपटले आहे.

याहून मोठे काम भारताच्या महानिबंधकांच्या देखरेखीखाली झाले. देशभरातील ११ लक्ष घरांतून २००१ ते २००३ या काळात झालेल्या मृत्यूंची दारोदार जाऊन विचारपूस करण्यात आली. सुमारे ७४ हजार मेलेल्या स्त्रीपुरुषांची ७८ हजार जिवंतांशी तुलना करून डॉ. प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये निकाल मांडला. बिडी ओढणारा पुरुष सरासरीने सहा वर्षे गमावतो, बिडी ओढणारी स्त्री आठ, आणि सिगारेट ओढणारा पुरुष दहा. २०१० नंतरच्या दशकात भारतात धूम्रपानाने दर वर्षी सुमारे दहा लक्ष माणसे मरतील, आणि त्यांतील सत्तर टक्के तीस ते एकोणसत्तर या वयांतील, म्हणजे बव्हंशी कर्ती माणसे असतील, असा अंदाजही त्यांत वर्तविला होता. त्याआधी २००३ साली तामिळनाडूतील ४३ हजार मृत पुरुषांच्या पाहणीत असे आढळले होते, की धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आहे. ज्या देशास क्षय अजून आवरत नाही, त्या देशास हा एकच आकडा जागे करण्यास पुरेसा व्हावा.

आणि हे सर्व काम मोठ्या शहरांचे, आपल्यासारख्या मोफसलातील लोकांच्या आवाक्यातले नव्हे, असे म्हणण्याची सोय निदान सोलापूर जिल्ह्यास तरी उरलेली नाही. ग्रामीण भागातील कर्करोगाची देशातील पहिली नोंदवही आमच्याच जिल्ह्यात, बार्शीस, १९८७ साली सुरू झाली. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व टाटा रुग्णालय यांनी बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे त्यासाठी घेतली. खेड्यातला रोगी दवाखान्याची पायरी चढत नाही, मग दवाखान्यात बसून त्याची गणती व्हावी कशी? हे ओळखून नोंदवहीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरले, लोकांस रोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि रोगी हुडकून काढले. याचे पाठ आता इतर प्रांतांनी घेतले; आमच्या शहराने मात्र शेजारच्या तालुक्याचा कित्ता गिरविलेला नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के निघाले. देशात हे प्रमाण १०.७ टक्के होते. पण यावरून कोणी समाधानाचा सुस्कारा टाकू नये. याच पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे, मळणारे किंवा मशेरी लावणारे निघाले. म्हणजे आपल्या घरचा रोग तोंडात आहे. आणि आपल्या हातची बिडी जेथे जेथे विकली जाते, तेथील छातीत दुसरा रोग आहे. सोलापुरात वळलेल्या बिडीने परप्रांतात कोणी मेला, तर त्याची नोंद येथे होत नाही, एवढ्याने ते मरण आपल्या खात्यातून वगळले जात नाही. माल परगावी विकला म्हणून त्याच्या खोटेपणाची जबाबदारी सुटते, असे कोणता सचोटीचा व्यापारी म्हणेल?

आता पैशाचा हिशेब पाहू. २०१७-१८ या वर्षी पस्तीस वर्षांवरील लोकांच्या तंबाखूजन्य रोगांपायी देशाचे १,७७,३४१ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असे तज्ज्ञांनी काढले आहे. यांत औषधोपचाराचा खर्च आहे, बुडालेली मजुरी आहे आणि अकाली मेलेल्यांची न झालेली कमाईही आहे. नुसत्या बिडीपुरता हिशेब केला, तर २०१७ मधील नुकसान ८०,५५० कोटी रुपयांचे. आणि २०१६-१७ साली बिडीच्या अबकारीतून सरकारी तिजोरीत आले होते सुमारे ४१७ कोटी. एका रुपयाच्या प्राप्तीसाठी जवळ जवळ १९३ रुपयांचा खड्डा! असे असता जीएसटी परिषदेने २०२५ च्या सप्टेंबरात बिडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर, आणि तिच्या पानांवरील १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. सिगारेटवर मात्र ४० टक्के. श्रीमंताचा धूर महाग करावयाचा आणि गरिबाचा स्वस्त, यास कोणी गरिबांचा कळवळा म्हणत असेल तर म्हणो. मरण स्वस्त करून देणे ही दया नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर जो आक्षेप येईल तो आम्ही जाणून आहो, आणि तो हलक्या मनाने उडवून लावण्यासारखा नाही. सोलापुरात साठ-सत्तर हजार स्त्रिया बिड्या वळतात असे सांगतात. १८७७ पासून ज्या गिरण्यांनी हे शहर वाढविले, त्यांची धुराडी एकामागून एक थंड पडली, माग मंदावले, तेव्हा पूर्व भागातील शेकडो घरांची चूल मांडीवरच्या सुपाने पेटती ठेविली. सकाळी कारखान्यातून पान-तंबाखू आणावयाची, पाने भिजवून कातरावयाची, दिवसभर वळून दोरा गुंडाळावयाचा आणि हजाराची भरती करून ती देऊन यावयाची. त्यातही छाट निघाली की मजुरी कापली जाते. या माउल्यांच्या पोटावर पाय देऊन देशाचे आरोग्य सुधारावे, असे आम्ही म्हणत नाही; म्हणणाऱ्यास सुधारक म्हणवून घेण्याचा अधिकारही नाही.

परंतु आम्ही इतके विचारतो, की बिडीवरचा कर कमी झाला तेव्हा वळणारीची मजुरी त्या प्रमाणात वाढलीच पाहिजे, अशी अट कोणी घातली काय? या स्त्रियांसाठी १९६६ चा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी व त्यासाठी बिडीवर उपकर बसला. त्या निधीतून दवाखाने चालले, मुलांस शिष्यवृत्त्या मिळाल्या. जीएसटी आला त्या २०१७ सालीच तो उपकर रद्द झाला. म्हणजे धंद्यातून कामगाराकडे थेट वळणारा जो एक पाट होता तोही बुजला. या स्त्रियांनी जे मिळविले ते झगडून मिळविले. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ साली त्यांच्या हाती पडली, ती कारखानदारांच्या औदार्याने नव्हे, संघटनेच्या बळावर. तेव्हा बिडी कामगार स्त्रीचे नाव पुढे करून बिडीची बाजू मांडणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की तंबाखूची धूळ रात्रंदिवस श्वासात घेणाऱ्या या स्त्रीच्या छातीचा हिशेब त्यांनी कधी ठेविला आहे काय? ती तर या खात्यात दोन्हीकडून नावे पडते.

आमचा उपाय सरळ आहे. बिडीवर कर वाढवावा, आणि त्यातून येणारा पैसा कायद्याने बांधून टाकून वळणाऱ्या स्त्रियांच्या पर्यायी धंद्यास, त्यांच्या आरोग्यास व मुलींच्या शिक्षणास लावावा. ज्या शहराने चादर व टॉवेल देशोदेशी पोचविले, त्या शहरास या हातांसाठी दुसरे काम निर्माण करता येत नाही, हे आम्हांस मान्य नाही. पण सरकारास असे काही करावयास लावावयाचे, तर त्याच्यापुढे आपल्या गावचा आकडा ठेवावा लागतो. दिल्लीचा आकडा ऐकून सोलापूरचा नगरसेवक हलत नाही. त्याच्या प्रभागातील गतवर्षी मेलेल्यांची संख्या सांगितली म्हणजे हलतो.

तो आकडा मिळण्याचा मार्ग कायद्यात अगोदरच आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाने व रुग्णालयात झाल्यास तेथील अधिकाऱ्याने २१ दिवसांच्या आत वर्दी दिली पाहिजे. त्या वर्दीच्या नमुन्यात या शतकाच्या आरंभापासून सरळ प्रश्न घातलेले आहेत: मृत मनुष्य नित्य धूम्रपान करीत होता काय, व किती वर्षे, तंबाखू चघळत होता काय, व किती वर्षे. दाखल्यावर मृत्यूचे कारण उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, म्हणून कोणाच्या घरची अब्रू चव्हाट्यावर येण्याचे भय नाही. पण नावे वगळून बेरीज जाहीर करण्यास कोणती हरकत? २०२३ च्या दुरुस्तीने प्रत्येक वैद्यकीय संस्थेने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकास फुकट दिलेच पाहिजे असे ठरविले आहे. याची गरज किती होती पाहा: २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्क्यांस वैद्यकीय प्रमाणपत्राचा आधार होता. बाकीचे कशाने गेले, हे देवास ठाऊक!

म्हणून आमच्या मागण्या अशा. सोलापूर महानगरपालिकेने या रकान्यांतील उत्तरांची प्रभागवार बेरीज करून ती दर वर्षी अंदाजपत्रकाबरोबर प्रसिद्ध करावी. शहरातील डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर ‘हृदय बंद पडले’ एवढे लिहून मोकळे न होता मूळ कारण नोंदवावे. हृदय तर प्रत्येक मेलेल्याचे बंद पडते. वर्दी देणाऱ्या नातलगांनी लाजेस्तव हा रकाना कोरा ठेवू नये. एका खऱ्या उत्तराने गेलेला माणूस परत येणार नाही, पण दुसऱ्याचा मुलगा वाचेल. आणि आमच्या व्यापारी वाचकांनी आपल्या दुकानापुरता तरी कायदा पाळावा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत व अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे; सुटी बिडी-सिगारेट विकण्यास महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये बंदी घातली आहे. दोन रुपयांच्या सुट्या विक्रीनेच पोर प्रथम या वाटेला लागते, हे गल्ल्यावर बसणाऱ्यास सांगावयास नको.

‘माझे शरीर, माझा पैसा, तुम्हांस काय?’ असे विचारणारा गृहस्थ शेवटी उरतोच. त्यास सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या अर्जावर २ नोव्हेंबर २००१ रोजीच उत्तर दिले आहे. न ओढणाऱ्यास दुसऱ्याच्या धुराने मारणे हा त्याच्या जीविताच्या हक्कावर घाला आहे, या तत्त्वावर न्यायालयाने इस्पितळे, शाळा, न्यायमंदिरे, आगगाड्या अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. स्वातंत्र्य हे शब्दाने मोठे आहे. पण ज्याची सवय पंधराव्या वर्षी लागली आणि जी चाळिसाव्या वर्षी सुटता सुटत नाही, तिला स्वातंत्र्य म्हणणे म्हणजे बेडीस दागिना म्हणण्यासारखे आहे.

स्वातंत्र्याचा अर्थ सोलापुरास कोणी शिकविण्याची गरज नाही. १९३० साली या शहराने लष्करी कायदा सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे येरवड्यास फासावर गेले. त्या चौघांची नावे येथील लहान मुलासही पाठ आहेत, आणि ती तशी असलीच पाहिजेत. परकी सत्तेने मारलेल्यांची नावे ज्या शहराने इतक्या निष्ठेने जपली, त्याने आपल्याच हातच्या धंद्याने मारलेल्यांची निदान संख्या तरी लिहून ठेवावी. संख्या डोळ्यांपुढे आली म्हणजे लाज उत्पन्न होईल, आणि लाज उत्पन्न झाली म्हणजे उपाय सुचतील. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हे एक पान महानगरपालिका जोडते की नाही, इकडे आमचे लक्ष राहील. वाचकांनीही ते ठेवावे.